रंगीत चित्राआधी कागद : सीएईमधील इंटर्नशिपची तयारी

दरवर्षी दिवाळी सरली की यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यांचे अर्ज आमच्या टीमकडे येऊ लागतात. त्यांतल्या बऱ्याच अर्जांना एकच चित्र जोडलेले असते : बाहा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीचा रोल केज, म्हणजे चालकाभोवतीचा नळ्यांचा सांगाडा, निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेला, आणि शेजारी कमाल स्ट्रेसचा एक आकडा. मुलाखतीत मी विचारतो, "समोरच्या धडकेसाठी चार जी (गुरुत्वत्वरणाच्या चौपट) घेतला आहेस, तो कुठून आणला?" उत्तर ठरलेले असते : "सर, मागच्या वर्षीच्या टीमने घेतला होता." मुलगा हुशार असतो, सॉफ्टवेअरही त्याला येत असते, पण मुलाखत तिथेच अडते. कारण आम्हाला त्या चित्रात रस नसतो. ते चित्र बरोबर आहे हे त्याने कसे ठरवले, एवढेच जाणून घ्यायचे असते.

सीएई, म्हणजे कॉम्प्युटर एडेड इंजिनिअरिंग (एखादा भाग कसा वागेल हे संगणकावर गणिताने तपासणे), या क्षेत्रात इंटर्नशिप मिळवू पाहणाऱ्या आणि ओळखीचे कोणी आत नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणे पुण्यातली आणि वाहन उद्योगातली आहेत, कारण मी तेच जवळून पाहिले आहे.

आधी कामाचे स्वरूप समजून घ्यावे

"मला सिम्युलेशनमध्ये काम करायचे आहे" हे वाक्य "मला दवाखान्यात काम करायचे आहे" इतकेच मोघम आहे. एकाच मजल्यावर बसणाऱ्या माणसांची कामे एकमेकांपासून बरीच वेगळी असतात. स्ट्रक्चरल आणि ड्युरेबिलिटीची माणसे ब्रॅकेट, चासी, सस्पेन्शनचे भाग किती भार सोसतील आणि किती फेऱ्यांनंतर त्यांना तडा जाईल हे पाहतात. त्यांचा पाया म्हणजे स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स. क्रॅशची माणसे मिलिसेकंदांत घडणाऱ्या धडकेचा अभ्यास करतात. एनव्हीएचची (नॉइज, व्हायब्रेशन, हार्शनेस) माणसे आवाज आणि कंपनांच्या मागे असतात, आणि त्यांना डायनॅमिक्स ऑफ मशिनरी हा विषय पक्का लागतो. सीएफडीत (कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स) हवा, पाणी, उष्णता यांचा प्रवाह असतो आणि तिथे फ्लुइड मेकॅनिक्स व हीट ट्रान्स्फर कच्चे असतील तर पुढे सरकता येत नाही. मल्टीबॉडी डायनॅमिक्समध्ये पूर्ण यंत्रणेची हालचाल आणि तिच्यातून सांध्यांवर येणारी बले काढली जातात.

यांपैकी एकच शाखा निवडा. ज्या विषयाची पुस्तकातली गणिते तुम्हाला उत्तर न पाहता सोडवता येतात, तीच तुमची शाखा समजावी. कोणत्या शाखेला "स्कोप" आहे ही चर्चा वसतिगृहाच्या गच्चीवर ठीक आहे, अर्जासाठी तिचा उपयोग नाही. पाचही शाखा येतात असे लिहिणारा अर्ज आमच्याकडे कोणीच गांभीर्याने वाचत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इंटर्नच्या वाट्याला सुरुवातीला मेशिंग, म्हणजे भागाचे लहान तुकड्यांच्या जाळीत विभाजन करणे, येते, आणि पुष्कळदा शेवटपर्यंत तेच येते. कॅडमधून आलेला भाग साफ करणे, पत्र्याच्या भागाची मिडसरफेस (जाडीच्या मधोमधचा पृष्ठभाग) काढणे, तिच्यावर जाळी घालणे आणि त्या जाळीतला प्रत्येक एलिमेंट, म्हणजे तुकडा, टीमच्या निकषांत बसवणे, हे काम शिवणकामासारखे डोळ्यांचे आणि चिकाटीचे आहे. ते कमी प्रतीचे मुळीच नाही, पण दिवसभर तेच करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने वेळीच दुसरी वाट धरलेली बरी.

कुठे आणि केव्हा शोधावे

पुण्यात या कामाच्या जागा साधारण चार प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार वाहने, ट्रॅक्टर, इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या तांत्रिक केंद्रांचा. तिथे इंटर्न बहुधा ठरावीक महाविद्यालयांतून घेतले जातात, त्यामुळे आपल्या प्लेसमेंट कार्यालयाला आधी विचारावे. दुसरा प्रकार सर्व्हिस कंपन्यांचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे मेशिंग आणि ॲनालिसिसचे काम करून देणाऱ्यांचा. हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांत अशा लहान-मोठ्या कंपन्या आहेत, आणि माझ्या मते नवख्यासाठी दार सर्वांत सहज इथेच उघडते. तिसरा प्रकार संशोधन संस्थांचा. वेताळ टेकडीवरील एआरएआय ही संस्था १९६६ साली स्थापन झाली आणि वाहनांच्या चाचण्यांबरोबर सिम्युलेशनचे कामही करते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रासायनिक प्रक्रियांचे मॉडेलिंग चालते. १९८८ साली स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणाऱ्या सी-डॅकमध्ये मोठी गणिते संगणकांच्या समूहावर वेगाने कशी चालवावीत यावर काम होते. चौथा प्रकार सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचा. तिथे प्रोग्रामिंगची जाण असलेल्यांना अधिक वाव असतो.

ज्यांचे महाविद्यालय लहान गावात आहे आणि प्लेसमेंट कार्यालय नावापुरतेच आहे, त्यांनी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाकडे अवश्य पाहावे. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या साहाय्याने चालणारा हा प्रकल्प फेलोशिप देतो, आणि निवड करताना आधी एखादे काम करून दाखवायला सांगतो. ओपनफोम या मुक्त सॉफ्टवेअरवर एखादा प्रवाहाचा प्रश्न पूर्ण सोडवून देण्याचाही मार्ग तिथे आहे. त्याच संस्थेतून सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील अनेक पाठ मराठीतून ऐकता येतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

वेळेचे गणित सोपे आहे, पण बहुतेक जण तिथेच चुकतात. मे ते जुलैची उन्हाळी इंटर्नशिप हवी असेल तर मेल नोव्हेंबर ते जानेवारीत जायला हवेत, आणि शेवटचे पूर्ण सत्र कंपनीत काढायचे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरपासून हालचाल करायला हवी. एप्रिलमध्ये परीक्षेच्या तोंडावर पाठवलेल्या अर्जाला उत्तर आले नाही, तर त्यात कंपनीचा दोष नसतो.

तयारी : एक बीम, एक कागद

आता मुख्य मुद्दा. कोणताही महागडा कोर्स लावण्याआधी पुढचा एक प्रयोग करावा. त्याला दोन-तीन दिवस पुरतात, आणि तो नीट केलेला विद्यार्थी मला मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो.

एक पोलादी पट्टी घ्या : लांबी २०० मिमी, रुंदी २० मिमी, जाडी १० मिमी. एक टोक भिंतीत पक्के बसवलेले, आणि मोकळ्या टोकावर जाडीच्या दिशेने खाली १०० न्यूटनचा भार. संगणक सुरू करण्याआधी कागदावर उत्तर काढा. छेदाचा जडत्व आघूर्ण, म्हणजे ज्याला आपण वर्गात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतो तो, २० गुणिले १० चा घन भागिले १२, म्हणजे सुमारे १६६७ मिमी चतुर्थ घात. यंग्ज मॉड्युलस २,१०,००० मेगापास्कल धरला की टोक ०.७६ मिमी खाली येते, आणि भिंतीपाशी वाकण्यामुळे येणारा स्ट्रेस ६० मेगापास्कल निघतो. हे दोन्ही आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

मग तीच पट्टी सॉफ्टवेअरमध्ये उभी करा. पहिल्या वेळी मुद्दाम साधे चार नोडचे टेट्रा एलिमेंट (चार कोपऱ्यांचे तुकडे; नोड म्हणजे त्यांना जोडणारे बिंदू) घ्या आणि जाडीत एकच थर ठेवा. टोक अपेक्षेपेक्षा बरेच कमी वाकलेले दिसेल, कारण असे एलिमेंट वाकताना मुळातच ताठर वागतात. नंतर दहा नोडचे टेट्रा घ्या, आकडा ०.७६ च्या जवळ येईल. शेवटी जाळी अर्धी, पाव, अष्टमांश अशी बारीक करत जा आणि प्रत्येक वेळी दोन नोंदी करा : टोकाचे विस्थापन आणि भिंतीच्या कोपऱ्यावरचा कमाल स्ट्रेस. विस्थापन दोन-तीन पायऱ्यांतच स्थिरावेल. कमाल स्ट्रेस मात्र स्थिरावणार नाही. जाळी जितकी बारीक कराल तितका तो वर चढत जाईल.

इथे बहुतेक विद्यार्थी गोंधळतात. सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. भिंतीकडच्या टोकाच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक नोड सर्व दिशांनी जखडल्यामुळे त्या कडेवर गणिताच्या दृष्टीने अनंत स्ट्रेस तयार होतो, आणि बारीक जाळी त्या अनंताच्या अधिकाधिक जवळ जात राहते. खऱ्या भिंतीत अशी अनंत ताठर कड नसते. म्हणून भिंतीपासून २० मिमी अंतरावर वरच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेस वाचा. कागदावर तिथे ५४ मेगापास्कल यायला हवेत आणि मॉडेलमध्येही जवळपास तेवढेच आलेले दिसतील. लाल ठिपका कुठे खरा मानायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हा या व्यवसायातला रोजचा प्रश्न आहे, आणि त्याची पहिली ओळख या पट्टीवर होते.

आणखी एक सवय याच पट्टीवर लावून घ्या. रन, म्हणजे संगणकावरचे गणित, संपला की रंगीत कंटूर उघडण्याआधी आधारावरच्या प्रतिक्रिया बलांची बेरीज पाहा. ती १०० न्यूटन नसेल तर पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही : भार चुकीच्या आकड्याने लागला आहे, दोनदा लागला आहे किंवा लागलेलाच नाही.

एवढ्याशा पट्टीचे एवढे कौतुक कशाला, असे वाटणाऱ्यांसाठी एक घडलेली गोष्ट. नॉर्वेतील स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लायप्नर ए या तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा प्रचंड तळ चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात असताना त्याची एक भिंत फुटली आणि तो संपूर्ण ढाचा समुद्राच्या तळाशी गेला. चौकशीत आढळले की जिथे कोठड्यांच्या भिंती एकमेकींना मिळतात त्या जागीची फायनाइट एलिमेंटची जाळी पुरेशी चांगली नव्हती, आणि त्यामुळे शिअर (कातरणारा) स्ट्रेस ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. त्यात सळयांची मांडणीही अपुरी पडली. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणाने भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धत तीच, फक्त जाळी घालणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने तिथे पुरेसे थांबून पाहिले नव्हते.

एककांची गोष्ट, माझ्या अनुभवासकट

वाहन उद्योगातील बहुतेक स्ट्रक्चरल आणि क्रॅश टीम मिलिमीटर, टन, सेकंद आणि न्यूटन ही एकके वापरतात. सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरला, एकके कळत नाहीत. तुम्ही दिलेले आकडे तो निमूटपणे घेतो. या पद्धतीत स्ट्रेस आपोआप मेगापास्कलमध्ये येतो, गुरुत्वत्वरण ९८१० होते, आणि पोलादाची घनता ७.८५ई-९ (७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात) लिहावी लागते. "सेव्हन पॉइंट एट फाइव्ह ई मायनस नाइन" हे शब्द झोपेतून उठवले तरी तोंडातून यायला हवेत.

माझ्या स्वतःच्या इंटर्नशिपमध्ये, नाव सांगण्याची गरज नसलेल्या एका कंपनीत, मला तळहाताएवढ्या एका ब्रॅकेटची नैसर्गिक कंपनसंख्या काढायला दिली होती. रन सुरळीत संपला, मी चित्रे काढली, स्लाइड बनवली आणि पहिली फ्रिक्वेन्सी ७ हर्ट्झ असे अभिमानाने दाखवले. माझ्या मार्गदर्शकांनी काही न बोलता टेबलावरचा तोच ब्रॅकेट माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हलवून बघ. सेकंदाला सात वेळा हलणारी वस्तू डोळ्यांना दिसते. ही हलताना दिसते का?" मी घनता किलोग्रॅममध्ये, म्हणजे ७.८५ई-६ दिली होती. वस्तुमान हजारपट झाले, आणि फ्रिक्वेन्सी वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे ती सुमारे ३१.६ पटींनी खाली आली होती. खरे उत्तर २२० हर्ट्झच्या आसपास होते. स्थिर भाराच्या रनमध्ये हीच चूक कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती, कारण गुरुत्व लावलेले नसेल तर तिथे घनतेचा काही संबंधच येत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक रनआधी मॉडेलचे एकूण वस्तुमान काढून ते कॅडमधल्या किंवा काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहतो. याला अर्धे मिनिट लागते.

सॉफ्टवेअर कोणते शिकावे

या प्रश्नावर लोक महिनोन् महिने घालवतात. मेशिंगसाठी हायपरमेश किंवा अँसा, सॉल्व्हर म्हणून नॅस्ट्रान, अबॅकस, ऑप्टिस्ट्रक्ट, क्रॅशसाठी एलएस-डायना, प्रवाहासाठी फ्लुएंट, स्टार-सीसीएम प्लस किंवा ओपनफोम, अशी नावे जाहिरातींत दिसतील. यांपैकी तुमच्या शाखेतील एकच निवडून नीट शिका. एक येत असेल तर दुसरे आम्ही दोन आठवड्यांत शिकवतो. अँसिस आणि अल्टेअर यांच्या विद्यार्थी आवृत्त्या विनामूल्य मिळतात. त्यांना मॉडेलच्या आकाराची मर्यादा असते, पण वरच्या पट्टीसाठी आणि दोन-तीन चांगल्या प्रकल्पांसाठी त्या पुरतात. मुक्त सॉफ्टवेअरकडे जायचे असेल तर भूमिती फ्रीकॅडमध्ये, जाळी जीमेशमध्ये, गणित कॅल्क्युलिक्सवर आणि निकाल पॅराव्ह्यूमध्ये, असा पूर्ण रस्ता एक रुपया न घालवता चालता येतो. हा रस्ता खडबडीत आहे, मात्र त्यावरून चालून आलेल्या मुलाला डेकमधली, म्हणजे सॉल्व्हरला दिल्या जाणाऱ्या फाइलीतली, प्रत्येक ओळ काय करते हे ठाऊक असते.

मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेले क्रॅक केलेले सॉफ्टवेअर वापरू नका, आणि ते घातलेला लॅपटॉप कंपनीच्या नेटवर्कला तर चुकूनही जोडू नका. लायसन्सच्या बाबतीत सॉफ्टवेअर कंपन्या फार कडक असतात, आणि एका इंटर्नच्या लॅपटॉपमुळे संपूर्ण कार्यालयाला खुलासे देत बसावे लागू शकते. विद्यार्थी आवृत्तीवर कंपनीचे व्यावसायिक काम करणेही नियमबाह्यच आहे, मग ते करायला सांगणारा कोणीही असो.

याशिवाय पायथन थोडे तरी यायला हवे. शंभर निकालांच्या फाइलींतून कमाल विस्थापन काढून तक्ता बनवणारी वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिता आली, तर टीममध्ये तुमचे नाव पहिल्याच महिन्यात सर्वांना माहीत होते.

दोन प्रकल्प आणि एक मेल

रेझ्युमेत दहा प्रकल्पांची यादी देण्यापेक्षा दोन प्रकल्पांचे दोन-दोन पानांचे अहवाल जोडावेत. प्रश्न काय होता, कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आणि का, जाळी किती बारीक केल्यावर उत्तर स्थिरावले, हाताच्या गणिताशी किंवा प्रयोगाशी ते किती जुळले, आणि कुठे जुळले नाही, एवढे त्यात यावे. "कुठे जुळले नाही" हा परिच्छेद मी सर्वांत आधी वाचतो. विषय भव्य असण्याची गरज नाही. सायकलचा ब्रेक लिव्हर, घरातल्या भिंतीतली मांडणी पेलणारा कोनाकृती ब्रॅकेट, पाण्याच्या टाकीचा स्टँड, यांपैकी काहीही चालेल. ज्याने ब्रॅकेटला खरोखर वजन टांगून मोजपट्टीने विस्थापन मोजले आणि ते मॉडेलशेजारी मांडले, त्याचा अर्ज मी बाजूला काढून ठेवतो.

बाहा, सुप्रा किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांच्या टीममध्ये काम केले असेल तर ते जरूर लिहावे, कारण त्यात वेल्डिंगपासून रात्रीच्या जागरणापर्यंत बरेच काही शिकून होते. पण तो चार जी कुठून आला हे शोधून या. गाडीचे वस्तुमान आणि वेग घ्या, ती किती अंतरात किंवा किती वेळात थांबते ते ठरवा, आणि त्यातून सरासरी त्वरण काढा. चार आले नाही तर जे आले ते लिहा. शिवाय खरी धडक क्षणात होऊन जाते आणि तुम्ही मात्र भार स्थिर धरला आहे, ही त्या गणिताची मर्यादाही सांगा. मर्यादा स्वतःहून सांगणारा उमेदवार क्वचित भेटतो.

मेल इंग्रजीत असेल आणि लहान असावी. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, कोणत्या वर्षात आणि कोणत्या तारखेपासून किती आठवडे उपलब्ध आहात. दुसऱ्या वाक्यात कोणत्या शाखेत काम हवे आहे. तिसऱ्यात एका प्रकल्पाचा एक आकडा. मग जोडलेल्या अहवालाचा उल्लेख आणि नमस्कार. "आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याचे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे" या धर्तीचे वाक्य वाचले की मी ती मेल दुसऱ्या कोणत्या कंपनीलाही अशीच गेली असणार हे ओळखतो. उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करावी. ज्या प्राध्यापकांचे कंपन्यांशी प्रकल्प चालू आहेत, त्यांना मेल न पाठवता प्रत्यक्ष जाऊन भेटावे. हा मार्ग सर्वांत जुना आहे आणि अजूनही सर्वांत खात्रीचा आहे.

मुलाखतीत काय विचारतात

सॉफ्टवेअरमधले बटण कुठे आहे हे सहसा कोणी विचारत नाही. बीमचे बेंडिंग मोमेंट चित्र काढायला सांगतात. शेल एलिमेंट कधी घ्यायचा आणि सॉलिड कधी, हे विचारतात. आरबीई२ आणि आरबीई३ या नोड जोडणाऱ्या दोन घटकांतला फरक हा तर हमखास येणारा प्रश्न आहे : पहिला जोडलेल्या नोडना एकमेकांसापेक्ष हलू न देता त्या जागी ताठरपणा आणतो, दुसरा भार नोडांवर वाटून देतो आणि ताठरपणा वाढवत नाही. व्हॉन मिसेस स्ट्रेस पोलादाला का लावतात आणि बिडाला का लावत नाहीत, हेही विचारले जाईल.

क्रॅशच्या टीममध्ये गेलात तर पाच मिलिमीटरचा एलिमेंट का घेतात हा प्रश्न अपेक्षित धरा. एक्स्प्लिसिट पद्धतीत, म्हणजे वेळेच्या लहान-लहान पायऱ्यांनी पुढे जाणाऱ्या गणितात, वेळेची एक पायरी ही ध्वनिलहरीला सर्वांत लहान एलिमेंट ओलांडायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठी घेता येत नाही. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५००० मीटर, म्हणून ५ मिमीच्या एलिमेंटला एक मायक्रोसेकंद. १०० मिलिसेकंदांच्या धडकेला एक लाख पायऱ्या. आता तुम्ही एका कोपऱ्यात नजरचुकीने अर्ध्या मिलिमीटरचा एकच एलिमेंट ठेवला, तर संपूर्ण गाडीच्या मॉडेलला दहा लाख पायऱ्या लागतील आणि रात्रीत संपणारा रन तीन-साडेतीन दिवस चालेल. ते टाळायला मास स्केलिंग करतात, म्हणजे लहान एलिमेंटचे वस्तुमान कृत्रिमपणे वाढवतात, पण मग नसलेले वस्तुमान मॉडेलमध्ये शिरते. एवढे उत्तर कागदावर मांडून दाखवता आले तर पुढचे प्रश्न बरेच सौम्य होतात.

उत्तर येत नसेल तर तसे सांगावे आणि कसे शोधाल ते सांगावे.

पैसे आणि कागदपत्रे

इंटर्नशिपसाठी तुम्ही पैसे भरायचे नसतात. भरघोस शुल्क घेऊन "इंटर्नशिप प्रमाणपत्र" देणारे वर्ग शहरात बरेच आहेत. त्यांतले काही शिकवतात चांगले, पण तो क्लास आहे, इंटर्नशिप नव्हे, आणि मुलाखत घेणाऱ्याला हा फरक प्रमाणपत्रावरचे नाव वाचताच कळतो. स्टायपेंड काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी जेमतेम बसभाड्यापुरता आणि काही ठिकाणी शून्य असतो. हे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण हिंजवडीजवळ खोली घेऊन राहायचे तर खर्चाचा हिशेब आधीच करावा लागतो. रुजू होण्यापूर्वी महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, कालावधी आणि मार्गदर्शकाचे नाव असलेले कंपनीचे पत्र, आणि गोपनीयतेचा करार या तिन्ही गोष्टी हातात असाव्यात. करार वाचूनच सही करावी. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या किंवा इंटर्नकडून बाँड मागणाऱ्या ठिकाणी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले आठवडे

पहिल्या दिवशी बहुधा एखादा पत्र्याचा भाग आणि निकषांचा एक तक्ता मिळेल : एलिमेंटची सरासरी व किमान लांबी, ॲस्पेक्ट रेशो, वॉर्पेज, जेकोबियन (ही एलिमेंटचा आकार किती बिघडला आहे याची मापे), त्रिकोणी एलिमेंटची टक्केवारी. तक्ता पाठ करण्याऐवजी प्रत्येक निकष कशासाठी आहे ते विचारा. छिद्राभोवती एलिमेंटचे कडे घालतात ते शोभेसाठी नसते. बोल्टचा भार तिथूनच भागात उतरतो.

टीममध्ये "हे कार्ड बदल", "ते कार्ड काढून टाक" असे बोलणे कानावर पडेल. ही भाषा पंच कार्डांच्या काळातली आहे. नासासाठी १९६० च्या दशकात तयार झालेल्या नॅस्ट्रानला माहिती ऐंशी रकान्यांच्या कार्डांवरून दिली जाई, आणि आजही त्या डेकमधली ओळ आठ-आठ अक्षरांच्या घरांत विभागलेली असते. एखादा आकडा घर सोडून एक अक्षर सरकला की रन पडतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीच्या आकड्यावर चालू राहतो. म्हणून डेक टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी वाचायला शिका.

काही शिस्ती सांगितल्या जात नाहीत, पण मोडल्या तर सर्वांच्या लक्षात येतात. घरी जाताना सॉफ्टवेअर उघडे ठेवू नये, कारण लायसन्स मोजकीच असतात आणि तुमच्या बंद पडद्यामागे अडकलेल्या एका लायसन्ससाठी कोणीतरी रात्री थांबलेला असतो. रांगेत उभे असलेले दुसऱ्याचे रन विचारल्याशिवाय थांबवू नयेत. फाइलला "फायनल", "फायनल२", "फायनल_खरे" अशी नावे देऊ नयेत. तारीख, आवृत्ती आणि नेमका बदल नावात यावा. एका रनमध्ये एकच गोष्ट बदलावी, नाहीतर निकाल कशामुळे बदलला हे तुम्हालाच सांगता येणार नाही. एक वही ठेवावी आणि तीत प्रत्येक रनसमोर तीन गोष्टी लिहाव्यात : काय बदलले, काय अपेक्षित होते, काय आले. अपेक्षा रन लावण्याआधी लिहायची असते.

अडल्यावर किती वेळ स्वतः झगडावे आणि केव्हा विचारावे, हा प्रत्येक इंटर्नला पडणारा पेच आहे. माझा अंदाज एक तासाचा आहे. सॉल्व्हरने दिलेली एररची ओळ नीट वाचून, तिच्यातला एलिमेंट क्रमांक मॉडेलमध्ये शोधून, दोन उपाय करून पाहूनही सुटले नाही, तर ते तिन्ही सांगत विचारावे. "सर, रन होत नाहीये" एवढेच म्हणत येणाऱ्याला मी जागेवर परत पाठवतो. "सर, अमुक एलिमेंटचा जेकोबियन ऋण येतोय, तो दुरुस्त केला तरी शेजारचा बिघडतोय" म्हणणाऱ्यासाठी चहा बाजूला ठेवून उठतो.

चाचणी प्रयोगशाळेत जायची संधी मिळाली तर ती कधीही दवडू नका. स्ट्रेन गेज (भाग किती ताणला गेला ते मोजणारी पट्टी) चिकटवणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी अर्धा दिवस उभे राहिले की मॉडेलमध्ये आपण ज्याला एका क्लिकमध्ये "फिक्स" म्हणतो ती जागा प्रत्यक्षात किती हलते हे दिसते, आणि पुढच्या मॉडेलमध्ये ते क्लिक करताना हात थोडा थबकतो.

शेवटच्या पंधरवड्यात नवे काम मागू नका, अहवाल लिहा. महाविद्यालयाला द्यायच्या अहवालात कंपनीची चित्रे, भागांची नावे आणि आकडे घालण्याआधी मार्गदर्शकांची लेखी परवानगी घ्या, आणि ती मिळाली नाही तर तेच तंत्र स्वतः बनवलेल्या साध्या भागावर वापरून दाखवा. कंपनीची कोणतीही फाइल घरी नेऊ नका, स्वतः बनवलेली जाळीसुद्धा नाही. नंतर तुमचे मॉडेल, डेक, निकाल आणि त्या वहीतल्या नोंदी एका फोल्डरमध्ये नीट लावा आणि तो फोल्डर शेजारच्या टेबलावरच्या कोणालाही देऊन रन लावायला सांगा. त्याने तुम्हाला एकदाही हाक न मारता तोच आकडा काढला, तर ओळखपत्र जमा करायला हरकत नाही.